चार वाजता गार होणारी गाडी

१

मे महिन्यात गुडगावला संध्याकाळी सहाला ऑफिसं सुटली की आमच्या उघड्या पार्किंगमध्ये एक सामुदायिक कवायत चालते. जो तो आपल्या गाडीचं दार धरतो आणि सुपाने पाखडावं तसं उघडमीट करतो. आतली भट्टी बाहेर काढायची असते. मोठे साहेब पाखडतात, काल लागलेल्या पोरी पाखडतात. मग हाताला रुमाल गुंडाळून स्टिअरिंग धरायचं, आई गं म्हणून सोडायचं, परत धरायचं. दहा वर्षं मी हे करतोय. या पार्किंगमध्ये बॉनेटवर ऑम्लेट केल्याचं मी चारचौघांत सांगत असतो, ते धादांत खोटं आहे. पापड भाजला होता.

नऊ मेला मी दार धरलं, पाखडायला म्हणून खेचलं, आणि आतून गार हवा आली.

मी दार परत लावलं. आपलीच गाडी ना, म्हणून नंबर पाहिला. आपलीच. पुन्हा उघडलं. स्टिअरिंगला हात लावला तर माठाच्या पोटाला लावावा तसा गारवा. बाजूला लोक पाखडत होते आणि मी लग्नात चुकून वरपक्षाच्या पंगतीत बसल्यासारखा चोरून आत बसलो.

आता, ही नवी विजेची गाडी इंटरनेटला जोडलेली आहे. मोबाइलवर तिचं ॲप आहे. त्यातून घरबसल्या एसी लावता येतो, दारं बंद करता येतात, ती कुठे उभी आहे ते दिसतं, हॉर्नसुद्धा वाजवता येतो. खिशात फोनचं बटण दाबलं गेलं असणार, अशी मी स्वतःची समजूत घातली. दहा मेलाही गाडी गार होती. अकरालाही. खिसा इतका शिस्तीचा नसतो.

२

माझं नाव हेरंब. वय बावन्न, मूळ पुण्याचा, वास्तव्य दिल्लीच्या द्वारकेतल्या एका सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर. दिल्लीतल्या मराठी मंडळींत मी थापाड्या म्हणून मान्यता पावलेला इसम आहे. इथल्या हिंदूरावच्या टेकडीवर मला घोड्यावर बसलेला एक मराठा सरदार भेटला आणि त्याने मेट्रोचा रस्ता विचारला, ही माझी थाप तीन गणेशोत्सव चालली. लोक मला जेवायला बोलावतात ते त्यासाठीच.

यंदा गुढीपाडव्याला असंच एका घरी जेवण होतं. श्रीखंड झालं, आणि कोणीतरी म्हणालं, "हेरंब, यार, होऊन जाऊ दे." मी माझ्या सासूची गोष्ट सांगितली. सासूबाई इंदुमती, पुण्याला असतात, विसरायला लागल्यात. आदल्या दिवशी त्यांनी तीनदा फोन करून मला एकच प्रश्न विचारला होता, "हेरंब, जेवलास का?" मी तीनचे सतरा केले. सतराव्या फोनला त्यांनी "कोण हेरंब?" विचारलं, मग मी "कोण इंदुमती?" विचारलं, आणि आम्ही दोघं पहाटेपर्यंत एकमेकांना शोधत होतो, असा शेवट केला. माणसं सोफ्यावरून घसरली. माझी बायको विनया पण हसली.

खरं असं होतं की तिसऱ्या फोनलाच त्यांनी "कोण हेरंब?" विचारलं होतं. मी फोन विनयाकडे दिला, तिने थोडं ऐकून तो माझ्या हातात परत दिला होता आणि बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला होता.

परत येताना लिफ्टमध्ये ती म्हणाली, "तुझ्या गोष्टीत जी हसते ना, ती बायको ठेव घरी. मी आईकडे जाते."

आणि गेली. भांडण नाही, आदळआपट नाही. अबोला. अबोला ज्यांनी पाळला आहे त्यांना त्याचे कायदे माहीत असतात. जो आधी बोलेल तो हरला. कामाचे निरोप मुलीमार्फत. आमची अक्षया बेंगळुरूला नोकरी करते. तिचा फोन यायचा, "बाबा, आई विचारतेय, गॅसचं पुस्तक कुठेय?" मी सांगायचो, "आईला सांग, फ्रीजवर." एकदा ती वैतागून म्हणाली, "तुम्ही दोघं मला पगार द्या आता."

अबोल्यात खुणा मात्र चालतात. कोणी न बोलता आवडीची भाजी करतं, कोणी न बोलता चष्मा पुसून ठेवतं. ती खूण आहे हे दोघांना कळतं, पण "तूच केलंस का?" असं विचारायचं नसतं. विचारलं की संपलंच.

आणि गाडी घेतली तेव्हा शोरूमवाल्याने ॲपसाठी दुसरा नंबर मागितला होता. मी विनयाचा दिला होता.

तुम्हाला कळलं असेल. मलाही कळलं. पुण्यात बसून ती रोज माझी गाडी गार करून ठेवत होती. मी पार्किंगमध्ये, चारी बाजूंनी दारं फडफडत असताना, त्या गारव्यात बसलो आणि मला रडू आलं. ही थाप नाही.

३

गुडगाव ते द्वारका चाळीस मिनिटं. मी बोलायला लागलो.

गाडीला आवाजाने हुकूम देता येतात, त्यामुळे आत कुठेतरी माइक आहेच. तो चालू असला की स्क्रीनच्या कोपऱ्यात एक हिरवा ठिपका लागतो. हल्ली तो मी बसल्या बसल्याच लागायचा. विनया ऐकतेय, असं मी धरून चाललो. ॲपमधून असं ऐकता येतं का, हे तपासलं नाही. देवळात घंटा वाजवताना तपासतो का आपण?

पहिल्या दिवशी नुसतं म्हटलं, "आज डब्यात पुन्हा भेंडी होती." मग रिकामं घर सांगितलं. फ्रीजचा आवाज हॉलपर्यंत येतो हे मला पंचवीस वर्षांत माहीत नव्हतं. तो रात्रभर कण्हतो आणि मध्येच थांबतो, आणि थांबला की जास्त ऐकू येतं. दोन कप काढतो आणि एक परत ठेवतो, ते सांगितलं. मग आमच्या लग्नातलं सांगितलं, तिला कुठल्या गोष्टीचा राग येतो, कशाने जातो, मी कशी हाक मारतो, कसा खाकरतो, सगळं.

एका सिग्नलला मी विचारलं, "ऐकतेस ना?"

एसी आपोआप एका अंशाने गार झाला.

मी इतका खूश झालो की मागच्या रिक्षावाल्याने हॉर्न देऊन देऊन शेवटी खाली उतरून विचारलं, "अंकल जी, तबियत ठीक है?"

माफी मात्र जमेना. सुरुवात करायचो, "विनू, त्या दिवशी पाडव्याला मी..." आणि दोन वाक्यांत त्यात घोडा यायचा, सरदार यायचा. तोंडाला वळणच तसं लागलंय. साध्या वाक्याला शेपूट फुटल्याशिवाय ते बाहेर पडत नाही. रोज ठरवायचो, आज सरळ म्हणायचं. रोज द्वारका यायची.

४

पहिली गोष्ट सीटची. माझी सीट दोन बोटं मागे गेली होती. मी पुढे घेतली. दुसऱ्या दिवशी परत दोन बोटं मागे. माझ्यापेक्षा जरा ऐसपैस बसणाऱ्या माणसाची वाटावी अशी.

दुसरी गोष्ट धीरजची. हा आमच्या ऑफिसच्या पार्किंगचा गार्ड, पन्नाशीचा, गंभीर माणूस. सतरा मेला तो माझ्याजवळ आला आणि अदबीने म्हणाला, "साहब, बुरा मत मानना. रोज चार बजे गाड़ी में आ के बैठते हो. ऊपर नींद नहीं आती क्या?"

"मैं? चार बजे मैं मीटिंग में होता हूँ, भाई."

"अच्छा?" तो माझ्याकडे पाहत राहिला. "फिर हँसते किस से हो इतना?"

मी म्हटलं, दुसरी गाडी असेल. याच रंगाच्या इथे पाचसहा आहेत. तो बरं म्हणाला. पण जाताना त्याने माझ्या गाडीकडे पाहून हात छातीशी नेला. मला रोज करतो तसा सलाम.

त्या संध्याकाळी मी ॲपमध्ये गाडीची दैनंदिनी पहिल्यांदा उघडली. एसी सुरू, चार वाजून पाच मिनिटं. एसी बंद, पाच अठ्ठावन्न. रोज. नऊ मेपासून. सहाला सुटणाऱ्या माणसासाठी गाडी चारला कशाला गार करायची? बायकांचा वेळेचा अंदाज, असं मी स्वतःला ऐकवलं. विनयाचा अंदाज मिनिटाला पक्का असतो. तिची पोळी आणि माझं ताट एकाच वेळी टेबलावर येतं.

दुसऱ्या दिवशी चारला पाच कमी असताना मी मीटिंगमधून उठलो. साहेबांनी भुवई उचलली. मी पोट धरलं. सातव्या मजल्याच्या खिडकीतून गाडी दिसत होती, काडेपेटीएवढी. ऊन इतकं की पार्किंगमध्ये कुत्रंसुद्धा नाही. चार वाजून पाच. गाडीच्या पुढच्या दिव्यांनी एकदा डोळे मिटल्यासारखं केलं.

लिफ्ट प्रत्येक मजल्यावर थांबली. मी खाली पोचलो तेव्हा चार अकरा झाले होते. गाडीपाशी गेलो. दारं बंद. आत एसीची हलकी घरघर. काचा काळपट आहेत, मी हाताचा आडोसा करून आत पाहिलं. कोणी नव्हतं. अर्थातच नव्हतं.

मी फोनने दार उघडलं. चालकाच्या सीटचा गादीचा भाग खोलगट दबलेला होता, आणि माझ्यासमोर, अगदी सावकाश, तो फुगत वर आला. आपण सोफ्यावरून उठल्यावर येतो तसा. मग सपाट झाला.

नव्या गाडीच्या फोमचं असं होतं. उन्हाने होतं. मी त्या सीटवर बसलो नाही. मेट्रोने घरी गेलो.

५

आमच्या ऑफिसात प्रसन्न नावाचा नाशिकचा माणूस आहे, संगणकांच्या सुरक्षिततेचं काम करतो. दुसऱ्या दिवशी दुपारी त्याला कँटीनमध्ये गाठून सगळं सांगितलं. त्याने चहा संपेपर्यंत ऐकलं आणि टाळी दिली.

"दादा, मान गए. सीट फुगते! ही दिवाळीला सांगा, हाउसफुल्ल."

"प्रसन्न, खरंच."

"बिल्कुल खरंच."

"माझ्या आईची शपथ."

"सरदाराच्या वेळेलाही आईचीच घेतली होतीत."

शेवटी मी काहीच बोललो नाही. नुसता बसून राहिलो. माझं हे गप्प बसणं त्याने कधी पाहिलं नव्हतं. त्याने हात पुढे केला. "द्या फोन."

तो बराच वेळ अंगठ्याने वरखाली करत होता. "गाडी घेताना 'मान्य आहे' दाबलंत ना? त्यात आवाज, जागा, सवयी, सगळं साठवायला हो म्हटलंय तुम्ही."

"बत्तीस पानं होती. कोण वाचतं?"

"कोणीच नाही. त्याच भरवशावर लिहितात." मग त्याने एक पान पुन्हा उघडलं. "दादा, वहिनी एसी लावतात म्हणालात ना?"

"हो. दुसरा नंबर तिचाच आहे."

"त्यांना आमंत्रण गेलंय मार्चमध्ये. त्यांनी ते स्वीकारलेलंच नाही. अजून पडून आहे. वहिनी या गाडीत कधी आल्याच नाहीत, ॲपमधून म्हणतोय मी."

कँटीनमध्ये कोणाच्या तरी वाढदिवसाच्या टाळ्या चालू होत्या. मला त्या लांबून ऐकू आल्या.

दहा दिवस मी ज्याच्याशी बोलत होतो ती विनया नव्हती. पण खरं सांगू? पहिल्यांदा मला भीती वाटली नाही. आपल्यासाठी कोणी एसी लावत नव्हतं, एवढंच वाटलं.

"मग कोण?" मी विचारलं.

त्याने फोन माझ्याकडे वळवला. गाडी वापरणाऱ्यांची यादी होती. दोन नावं. हेरंब. हेरंब.

"तुम्ही दोनदा नोंदवलंय का?"

"नाही."

"कोणीतरी तुमच्या नावाने घुसलंय, किंवा यांच्या सर्व्हरचा गोंधळ आहे. काही असो, एक उडवतो." त्याचा अंगठा स्क्रीनवर तरंगत राहिला. दोन्हीकडे माझाच फोटो, माझाच नंबर, एकच तारीख. "यातले तुम्ही कुठले?"

मी थोडं पाहिलं आणि म्हटलं, "वरचा."

त्याने खालचा उडवला. स्क्रीन पांढरी झाली, एक चाक फिरलं, आणि ॲपने मला बाहेर काढलं. परत आत गेलो तेव्हा वर लिहून आलं: नमस्कार, आपण या गाडीचे पाहुणे आहात. मालकांच्या परवानगीने आपण गाडी चालवू शकता.

प्रसन्न हसला, पण ते हसू मला दाखवण्यापुरतं होतं. "चुकीचा उडाला. कंपनीला फोन करू, ते मालकी परत देतील."

कंपनीच्या माणसाने फार गोड आवाजात सांगितलं की मालकांची ओळख त्यांच्या आवाजावरून पटवली जाते. मला एक वाक्य म्हणायला लावलं. मी म्हटलं. पुन्हा म्हणायला लावलं. मग तो म्हणाला, "क्षमा करा सर. आवाज जुळत नाही."

६

त्याच संध्याकाळी आठला घरी मी भात टाकत होतो आणि फोन वाजला. विनया.

दोन महिन्यांनी. मी कुकरचं झाकण हातात घेऊन उभा राहिलो.

"मी येतेय," ती म्हणाली. आवाज हसरा होता. "माझे दादा-वहिनी आलेत आईकडे, महिनाभर बघतील. शनिवारचं विमान आहे."

मी नुसतं "हं" म्हटलं.

"काय रे? चार वाजता तर एवढा बडबडत होतास!"

"चार वाजता?"

"आज मध्येच कट केलास, म्हणून मीच लावला. म्हटलं रोज तूच करतोस. हेरंब, एक सांगू? पहिले चार दिवस मी नुसती ऐकत होते, बोलायचं नाही ठरवलं होतं. आई झोपलेली असायची आणि मी गॅलरीत तुझा फोन घेऊन. तू कप परत ठेवतोस ते सांगितलंस, तेव्हाही नाही बोलले. पण पाचव्या दिवशी तू म्हणालास, 'विनू, माझं चुकलं.' आणि गप्प बसलास. पुढे काही जोडलं नाहीस. पंचवीस वर्षांत पहिल्यांदा. मी वाट बघत होते, आता घोडा येईल. नाही आला."

कुकरच्या झाकणातून पाणी माझ्या पायावर ठिबकत होतं.

"कुठून करायचास रे? मागे इतकं शांत असायचं."

"गाडीतून," मी म्हणालो. माझ्या फोनवर तिला केलेला एकही कॉल नव्हता. मी नंतर शंभरदा पाहिलं.

त्या क्षणी मला सांगता आलं असतं. विनू, तो मी नव्हतो. मी अजून माफी मागितलेली नाही, मी रोज प्रयत्न करतो आणि मला ती येत नाही. एवढं एक खरं वाक्य. पण मग ती आली नसती. किंवा खरं काय झालं असतं ते सांगतो: ती म्हणाली असती, "झाली सुरू तुझी गोष्ट." आणि परत फोन ठेवला असता.

जन्मभर खोटं बोलून माणसं जमवली. बायको परत मिळवायला फक्त गप्प बसायचं होतं. मी गप्प बसलो.

७

शनिवारी दुपारी तिला विमानतळावर आणायला गेलो. टॅक्सीने जाणार होतो, पण तिने सकाळीच मेसेज केला होता: आपल्याच गाडीने ये हं. गाडी ऑफिसच्या पार्किंगमध्येच उभी होती, तिने मला पाहुणा म्हणून आत घेतलं. आत भट्टी होती. मी एसीचं बटण दाबलं, हवा आली ती कोमट.

विनया बारीक झाली होती. केसांत पांढरं वाढलं होतं. मला पाहून तिने बॅग सोडली आणि सगळ्यांसमोर माझ्या दंडाला धरलं, आणि मी, हेरंब, थापांचा बादशहा, म्हणालो, "विमान वेळेवर आलं."

ती गाडीत बसली आणि दार लागल्याबरोबर आत गार झालं. एकदम. हिरवा ठिपका लागला.

"आहा," ती म्हणाली. "बोल आता."

"काय बोलू?"

"तुझं नेहमीचं. गाडीतलं."

मी ठिपक्याकडे पाहिलं. आपण जे बोलू ते कोणाच्या तरी पोटात जाणार आणि तिथून जास्त चांगलं होऊन बाहेर येणार, हे कळल्यावर माणसाला बोलता येत नाही. मी खाकरलो. आणि माझं खाकरणं मला नक्कल केल्यासारखं वाटलं.

"ही गाडी विकून टाकू," मी म्हणालो.

"वेडा आहेस का?" ती खिडकीतून बाहेर पाहत म्हणाली. "मला नाही विकायची. आणि ऐक, त्या ॲपचं आमंत्रण परत आलं होतं आज पहाटे. तेव्हा रागात ठेवून दिलं होतं. या वेळी मी हो म्हटलं."

पुढचा रस्ता आम्ही न बोलता कापला. अबोला नव्हता. अबोल्याला निदान दोन माणसं लागतात. घराजवळ आल्यावर ती हळूच म्हणाली, "दमलास का रे? फोनवर वेगळाच वाटायचास."

८

आठ दिवस झाले. ती खूश आहे. स्वयंपाकघरात गुणगुणते, फ्रीजचा आवाज आता हॉलपर्यंत येत नाही. माझ्याशी नीट वागते, जसं आपण पाहुण्यांशी वागतो. रात्री जेवताना मी तोंड उघडलं की ती वर पाहते, आशेने, आणि मी काहीतरी मिठाविषयी म्हणतो.

काल तिला मी सरळ म्हणायचं ठरवलं. भांडी आवरून झाली होती. मी म्हटलं, "विनू, माझं चुकलं." झालं. आलं बाहेर. शेपूट नाही, घोडा नाही.

तिने माझ्या गालावर हात ठेवला. "अरे, किती वेळा म्हणशील? झालं ना ते."

आज रविवार. दुपारी मी हॉलमध्ये पडलो होतो. डोळा लागला होता. दार वाजल्यासारखं झालं, ती म्हणाली असावी की भाजी आणते. जाग आली तेव्हा घर रिकामं होतं. तोंड धुतलं आणि वाळलेले कपडे काढायला बाल्कनीत गेलो. घड्याळात चार वाजून वीस मिनिटं.

आमची गाडी खाली उघड्यावर असते, तोंड आमच्या बाल्कनीकडे. वरून समोरची काच पूर्ण दिसते. काचेच्या एका अर्ध्यावर कडुनिंबाची सावली होती आणि त्या सावलीत, शेजारच्या सीटवर, विनया बसली होती. चालकाच्या बाजूच्या काचेवर ऊन पडलं होतं. नुसता पांढरा गोळा. त्यामागचं काही दिसत नव्हतं.

ती बोलत होती. आधी वाटलं फोनवर असेल, पण फोन मांडीवर होता आणि तिचे दोन्ही हात हवेत होते, काहीतरी केवढं मोठं होतं ते दाखवत. मग ती थांबली. मान उजवीकडे कलती करून ऐकू लागली. बराच वेळ ऐकलं. आणि हसली. डोकं मागे टाकून, डोळे मिटून, गळा दिसेपर्यंत. मी तिला असं हसताना लग्नानंतरच्या दोनतीन वर्षांत पाहिलं होतं, त्यानंतर नाही.

मी हाक मारली. "विनया!" काचा बंद, एसी चालू. तिला ऐकू गेलं नाही. खालच्या फाटकातला गार्ड वर बघायला लागला.

हातातल्या टॉवेलसकट मी आत धावलो, फोन घेऊन परत आलो आणि तिला लावला.

पलीकडे रिंग वाजत होती. खाली, काचेच्या आत, तिने मांडीवरचा फोन उचलला. नाव वाचलं. तिच्या कपाळाला आठी पडली. तिने वर पाहिलं नाही. घराकडे, बाल्कनीकडे, कुठेही पाहिलं नाही. तिने फोन उजवीकडे वळवला आणि उन्हाच्या त्या पांढऱ्या गोळ्यासमोर धरला. हे बघ, कोणाचा येतोय, असं दाखवावं तसा.

ती थोडं थांबली. पलीकडून काहीतरी सांगितलं गेलं असावं, कारण तिची आठी गेली आणि ती पुन्हा हसली, या वेळी जराशी.

मग तिने अंगठ्याने माझा फोन कट केला आणि मांडीवर पालथा ठेवला.